दशमीला निघा : मराठवाड्यातून कोकणच्या बंदरांकडे, दोघांची आठ दिवसांची सफर

संभाजीनगर, लातूर किंवा परभणीकडची माणसं कोकणचा बेत आखतात तेव्हा आधी सुट्ट्या बघतात, मग खोल्या आणि शेवटी किलोमीटर. आपल्याकडे हे चालतं. मुरूड ते रत्नागिरी या पट्ट्यात मात्र रस्ता दर काही तासांनी खाडीशी येऊन संपतो. पुढं न्यायला फेरीबोट लागते, आणि बोटीचं सगळं भरती-ओहोटीवर अवलंबून. म्हणून आधी तिथी ठरवावी, तिथीवरून तारखा काढाव्यात आणि खोल्या सगळ्यांत शेवटी घ्याव्यात.

इथं दिलेला बेत दोघांसाठी आणि स्वतःच्या गाडीसाठी आहे. चारचाकी किंवा दमदार दुचाकी, दोन्ही चालतात. मुरूड-राजापुरीपासून रत्नागिरीपर्यंत चार खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या आणि एकदा शिडाच्या होडीत बसायचं. सात रात्री लागतात.

तारीख कशी काढायची

उन्हाळ्यातला चांगला काळ एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. रब्बीचं आवरलेलं असतं आणि मृगाला अवकाश असतो, त्यामुळे शेतीवाल्यांनाही जमतं. वीस मेनंतर बेत करू नये. त्या सुमाराला समुद्र उसळायला लागतो, आणि मेच्या अखेरच्या आठवड्यात किल्ल्यांच्या होड्या व जलक्रीडा पावसाळ्यासाठी बंद होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. वादळाचा धोका वेगळाच. २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ मेच्या मध्यावर या किनाऱ्याला घासून गेलं, आणि २०२० मध्ये निसर्ग वादळानं ३ जूनला श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या.

आता तिथी. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीला पाऊणनं गुणा, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. ही वेळ सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे लागू, म्हणजे एकादशीला सकाळी सव्वाआठला आणि रात्री साडेआठच्या पुढे-मागे. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाऊणच का? दिवसाचे चोवीस तास तीस तिथींत वाटले की वाट्याला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. रोज चंद्र तेवढा उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्या मागे जाते.

हिशेबात तासाभराची चूक धरून चालावं. दक्षिणेला भरती थोडी आधी येते, तिथीची वृद्धी-क्षय असतो, वाऱ्याचाही परिणाम होतो. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरून बेत आखा आणि निघण्याआधी छापील किंवा मोबाइलवरच्या भरती-कोष्टकाशी पडताळा.

दुसरी गोष्ट, पाणी सारख्या वेगानं चढत नाही. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला जेमतेम बारावा हिस्सा चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र निम्मं पाणी भरतं. ‘आत्ता तर पाणी लांब होतं’ असं म्हणणारे लोक नेमके या दोन तासांत अडकतात.

अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात, अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला भांग. उधाणात पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. भांगात दोन्ही बेताचं.

या सगळ्यावरून निघायचा दिवस ठरतो दशमी, शक्यतो शुद्ध पक्षातली, म्हणजे चांदणंही मिळतं. दशमीला संध्याकाळी मुरूडला पोचलं की एकादशीला सकाळी जंजिऱ्यापाशी भरती सापडते, द्वादशीला दुपारनंतर हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीत होते, चतुर्दशीला दाभोळच्या धक्क्याला भरलेलं पाणी असतं आणि पौर्णिमेला हेदवीची बामणघळ, म्हणजे खडकातली पाणी उसळणारी फट, ऐन उधाणात बघता येते. दुसऱ्या कुठल्याही तिथीला निघालात तर यातल्या एका-दोन गोष्टी हुकतात.

घरून किनाऱ्यापर्यंत

संभाजीनगर, जालना, बीडकडच्यांनी पुण्यावरून ताम्हिणी घाटानं माणगावला उतरावं. संभाजीनगर ते मुरूड अंतर चारशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण दहा तास धरा. पहाटे चारला निघालात तर पुणं गर्दीआधी ओलांडता येत नाही, गर्दीतच सापडता. एक तर रात्री तीनच्या आत निघा, नाही तर आदल्या दिवशी पुण्यात मुक्काम करा.

लातूर, नांदेड, धाराशिवकडच्यांना दुसरी वाट आहे. नागपूर-रत्नागिरी महामार्ग तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटानं थेट रत्नागिरीला उतरतो. लातूरपासून साधारण पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर. पण जाताना ही वाट धरली तर सफर उलटी होते आणि तिथीचं गणित मोडतं. म्हणून जाताना पुण्यावरून, येताना आंबा घाटानं.

सपाटीवर गाडी चालवण्याची सवय असलेल्यांसाठी घाटाचा एक नियम : ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक ठिकाणी दुसरा किंवा तिसरा. न्यूट्रलवर किंवा नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. वास आला तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकडी होते.

नकाशात नाव टाकताना जपून. ‘मुरूड’ लिहिलं की लातूर जिल्ह्यातलं मुरूड येऊ शकतं. शिवाय किनाऱ्यावर मुरूड दोन : एक जंजिऱ्याचं, रायगड जिल्ह्यातलं, आणि दुसरं दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं. वेळासही दोन आहेत, एक दिघीजवळ आणि दुसरं बाणकोटजवळचं, कासवांचं. तालुक्याचं नाव जोडूनच शोधा.

बरोबर काय घ्यावं

आपल्याकडचा बेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसणारा माणूस किनाऱ्यावरच्या तेहतीस-चौतीस अंशांत लवकर गळतो. हवा दमट, घाम वाळत नाही, म्हणून अंग गार होत नाही. खोली ठरवताना याच कारणानं ‘कूलर आहे’ यावर भुलू नका. कूलर पाण्याच्या वाफेवर चालतो आणि दमट हवेत पाणी वाफ होतच नाही, उलट खोली आणखी चिकट होते. एसी परवडत नसेल तर पंखा आणि समोरासमोर खिडक्या असलेली खोली बरी.

सुती, सैल कपडे घ्या. जीन्स नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि मांड्या काचतात. पायात पट्ट्याचे, तळाला खाचा असलेले सँडल, कारण साधी चप्पल शेवाळावर घसरते आणि चिखलात राहते. पाच लिटरचा पाण्याचा कॅन, ओआरएसची आठ-दहा पाकिटं, काचण्यासाठी पावडर, डासांचं मलम, टॉर्च, दहा मीटर मजबूत दोरी, मोबाइलसाठी तोंड घट्ट बंद होणारी जाड पिशवी. पाच-सहा हजार रुपये रोख ठेवा, त्यात पन्नास-शंभराच्या नोटा भरपूर. धक्क्यांवर नेटवर्क जातं आणि यूपीआय तिथंच अडकतं.

धपाटे आणि दशम्या आपल्याकडे तीन-चार दिवस टिकतात, तिथं दुसऱ्या दिवशी बुरशी धरतात. पहिल्या दिवसापुरतेच न्या. शेंगदाण्याची चटणी मात्र सात दिवस टिकते, खानावळीतल्या भाताबरोबर तिचा मोठा आधार वाटतो. चिवडा झाकणाच्या डब्यात ठेवा, पिशवीत तासाभरात मऊ पडतो.

एकादशी : जंजिरा आणि शिडाची होडी

मुरूडहून राजापुरीचा धक्का चार-पाच किलोमीटर. पहिल्या होडीच्या वेळेला तिथं असावं. यामागं तीन कारणं आहेत. सकाळी मतलई वारे, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे, मंद असतात. अकरानंतर खारे वारे जोर धरतात आणि पाणी उडायला लागतं. दुसरं, भरतीला होडी किल्ल्याच्या दरवाज्याच्या पायऱ्यांना नीट लागते, ओहोटीत खालच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरावं लागतं. तिसरं, किल्ल्यात सावली कमी, अकरानंतर दगड तापतो. शुक्रवार असेल तर दुपारी नमाजाच्या वेळेत होड्या थांबू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

इथल्या होडीचं शीड तिकोनी असतं, डोलकाठीवर तिरक्या बांधलेल्या लांब काठीला ताणलेलं. वारा बाजूनं आला की शीड फुगतं, होडी एका अंगाला कलते आणि पुढं सरकते. कलते म्हणजे बुडते असं नाही, तो तिचा चालीचा भाग आहे. तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, दिशा बदलतो तेव्हा ती तिरकी काठी डोक्यावरून दुसऱ्या बाजूला येते. त्या क्षणी उभं राहणं, सेल्फीसाठी वळणं, पलीकडच्या बाकावर उडी मारणं, यातलं काहीही करू नका. तांडेलानं जिथं बसवलं तिथंच बसा, वजन त्यानं हिशेबानं वाटलेलं असतं. लाइफ जॅकेटचे बंद छातीवर आवळून बांधा. नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

दरवाज्यापाशी उतरताना घाई हाच अपघात. लाट होडीला वर उचलते, तिथं क्षणभर ठेवते आणि खाली नेते. पाय टाकायचा तो होडी वर असताना. खलाशी हात देतो तो मनगटाला धरायचा, बोटांना नाही. दोघांपैकी एकानं आधी उतरून दुसऱ्याला ओढायला जाऊ नये, खलाशाला त्याचं काम करू द्यावं.

किल्ल्यात साधारण पाऊण तास मिळतो. कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव आणि तटावरून दिसणारा, शिवाजी महाराजांनी समोर उभारलेला पद्मदुर्ग एवढं बघितलं तरी वेळ संपतो. मराठवाड्याच्या माणसाला या किल्ल्यात एक ओळखीचा धागा सापडतो. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी, दोघांचंही मूळ आफ्रिकेतलं, हबशी. आणि मलिक अंबर अहमदनगरच्या ज्या निजामशाहीचा वजीर होता, त्याच निजामशाहीच्या अमलात सिद्दी इथं रुजले. त्यांचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं.

एकादशीचा उपवास असेल तर होडीत बसण्याआधी केळं, शेंगदाण्याचा लाडू असं काहीतरी पोटात टाका. रिकाम्या पोटी बोट लागते, तुडुंब पोटीही लागते. बोट लागण्याचं कारण साधं आहे : कानातला तोल सांगतो अंग हलतंय आणि डोळे सांगतात समोरची फळी स्थिर आहे. म्हणून मोबाइलात बघू नका, क्षितिजावर नजर ठेवा, होडीच्या मध्यभागी बसा. आलेपाक उपयोगी पडतो. गोळी हवीच असेल तर घरून निघताना डॉक्टरांना विचारून घ्या. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे त्या दिवशी गाडी चालवणाऱ्यानं त्या घेऊ नयेत.

पहिली खाडी आणि धक्क्यावरचं शिस्तीचं काम

राजापुरीहून आगरदांडा जवळच. तिथून दिघीला फेरीबोट जाते. एकादशीला पूर्ण ओहोटी अडीचच्या सुमाराला, तेव्हा एक तर बाराच्या आत पलीकडे व्हा किंवा जेवून साडेचारनंतर निघा.

ओहोटी का टाळायची, तर धक्का म्हणजे समुद्रात उतरत जाणारा सिमेंटचा उतार. पाणी भरलेलं असलं की बोट वर लागते, बोटीची लोखंडी फळी जवळजवळ आडवी पडते. पाणी उतरलं की बोट उताराच्या तळाशी लागते. मग गाडीला शेवाळलेल्या ओल्या सिमेंटवरून खाली जावं लागतं, आणि जिथं उतार संपून फळी सुरू होते तिथं कोन तयार होतो. लांब, बुटक्या सेदान गाड्यांचा पुढचा बंपर किंवा सायलेन्सर नेमका तिथं घासतो. उधाणाच्या ओहोटीत हा कोन सगळ्यांत वाईट. कधी पाणी फारच कमी झालं तर बोट थांबूनही राहते.

गाडी चढवण्याचा क्रम असा. रांगेत वीस मिनिटं आधी लागा आणि एकानं उतरून तिकीट काढा. चालक सोडून बाकीच्यांनी चालतच बोटीवर जायचं, गाडी हलकी होते आणि खालून घासत नाही. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट न धरता, एका संथ वेगानं जा. फळीवर ब्रेक मारला की ओली चाकं घसरतात. बोटीवर उभा असलेला माणूस हातवारे करतो, फक्त त्याच्याकडेच बघा. बाकीच्यांच्या सूचना त्या दोन मिनिटांपुरत्या बंद. काही बोटींना एकाच बाजूनं फळी असते, तेव्हा गाडी मागे घेत चढवायला सांगतात. जमत नसेल तर लाजू नका, तिथला माणूस शांतपणे सांगत चढवून घेतो. गाडी लागली की हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, इंजिन बंद करा, आरसे मिटा आणि बाहेर या. दुचाकी गिअरमध्ये ठेवून मधल्या स्टँडवर लावा, साइड स्टँडवरची गाडी हेलकाव्यानं कलंडते.

उतरताना पुढची गाडी धक्का चढून वर जाईपर्यंत आपली चालू करू नका. चढावर पुढची गाडी बंद पडली तर मागची फळीवर अडकते, आणि तिथं पाठीमागे जायला जागा नसते.

टोपल्या घेतलेल्या मावश्यांना आधी चढू-उतरू द्या. त्यांची बाजाराची वेळ असते, तुमची सुट्टी आहे. न विचारता त्यांचे फोटो काढू नका.

शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवा. संध्याकाळी सहाच्या पुढे धक्क्यावर पोचायचा बेतच करू नये. बोट हुकली तर वळसा साधा नसतो : दाभोळहून गुहागरला रस्त्यानं जायचं तर दापोली, खेड, चिपळूण करत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर पडतात, पाण्यावरून तेच पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. या खाड्यांवर सागरी महामार्गाचे पूल व्हायचे आहेत, तोवर ही कसरत आहे.

दिघीहून दिवेआगरला मुक्काम.

द्वादशी : हरिहरेश्वर

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, किनाऱ्याकिनाऱ्यानं रमतगमत. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव. इथली रोठा सुपारी नावाजलेली, घ्यायची तर बागेतून किंवा गावातल्या दुकानातून घ्या.

हरिहरेश्वरला देवळामागून खडकांवरून उतरून समुद्राच्या कडेनं जाणारी प्रदक्षिणा आहे. ती फक्त ओहोटीतच करायची. द्वादशीला पूर्ण ओहोटी सव्वातीनच्या आसपास, तेव्हा दोन ते साडेतीनमध्ये उतरा आणि साडेचारच्या आत वर या. देवळातले गुरव किंवा दुकानदार ‘आता नको’ म्हणाले तर तो शेवटचा शब्द, आपला हिशेब बाजूला ठेवायचा. इथं माणसं वाहून गेली आहेत आणि त्यातली बहुतेक फोटोसाठी कडेला गेलेली होती. ओला काळा खडक घसरडा, कोरडा करडा खडक धरतो, पाय करड्यावर टाका. दर काही लाटांमागे एखादी मोठी येते, म्हणून समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. मुक्काम इथंच करा.

त्रयोदशी : सावित्री ओलांडून हर्णै

भरती पावणेदहाला. साडेआठ-नऊला बागमांडल्याच्या धक्क्यावर असा, दहा-पंधरा मिनिटांत वेशवीला पोचता. इथं रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो. बाणकोटचा किल्ला, वेळास, केळशी, कड्यावरच्या गणपतीचं आंजर्ले, मग पूल ओलांडून हर्णै. अंतर कमी, रस्ता अरुंद आणि वळणांचा, तासाला पंचवीस-तीस किलोमीटरच धरा. पेट्रोलची टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका, लहान गावांत पंप नसतात आणि सीएनजीचा भरवसा धरू नका.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव भरतो, समोर सुवर्णदुर्ग. लिलावात ढीगच्या ढीग जातो, दोघांपुरती मासळी तिथं मिळत नाही. लिलाव बघा आणि खरेदी बाजूला बसलेल्या मावश्यांकडून करा. आपल्याकडे तळ्याची मरळ-रोहू ओळखणाऱ्यांसाठी खुणा त्याच : कल्ले लालबुंद, डोळे फुगीर आणि चकचकीत, बोटानं दाबलं की मांस परत वर येतं, वास समुद्राचा, अमोनियासारखा नाही. मेमध्ये हंगाम संपत आलेला असतो, भाव चढे असतात, घासाघीस बेतानं. विकत घेतलेली मासळी सहाच्या आत खानावळीत दिली तर रात्रीच्या जेवणात बनवून देतात, बनवण्याचे पैसे आधी ठरवा.

माळकऱ्यांनी चिंता करू नये. घरगुती खानावळीत आंबोळ्या, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी आणि मोदक मिळतात. फक्त सकाळी दहाच्या आत सांगून ठेवावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर नुसता वरण-भात.

गाडी वाळूत न्यायची नाही. ओली वाळू टणक दिसते, पण चाक थांबलं की खालून पाणी वर येतं आणि वाळू पातळ होते. रुतलीच तर चाक फिरवत राहू नका, दर फेऱ्याला गाडी आणखी खाली जाते. चाकांतली हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवा, चाकापुढची वाळू हातानं काढा, पायपुसणी किंवा झावळ्या घाला आणि हलक्या ॲक्सिलरेटरवर सरळ बाहेर काढा. भरती चढत असेल तर पहिल्या दहा मिनिटांतच गावात ट्रॅक्टर शोधायला एकानं पळावं. खारं पाणी लागलं तर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा, ब्रेकला दुसऱ्या सकाळपर्यंत गंज धरतो.

चतुर्दशी : दाभोळ, गुहागर आणि समुद्रात उतरण्याबद्दल

नाश्ता करून निघालात की दहा-साडेदहाला दाभोळ, नेमक्या भरतीवर. धोपाव्याला उतरून गुहागर अर्ध्या-पाऊण तासावर. दाभोळ हे बहमनी काळापासूनचं मोठं बंदर, धक्क्याजवळची जुनी मशीद बघण्यासारखी आहे.

गुहागरचा किनारा लांब आणि मोकळा. इथं पाण्यात उतरायचा मोह होतो, म्हणून हे आत्ताच सांगणं बरं. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस समुद्रात जास्त धोक्यात असतो, कारण त्याला पोहता येतं ही खात्री असते. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं चालतं. किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरानं परत जातं, आणि वरून तो पट्टा सगळ्यांत शांत दिसतो. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्ये सपाट, गढूळ वाट आहे, तिथं उतरायचं नाही. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडा, मग लाटच आत आणते. ओहोटी लागल्यावर कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये. साडी किंवा ओढणी भिजली की पायात गुंतते, पाण्यात जायचं तर कुर्ता-लेगिंगसारखं अंगाबरोबरचं घाला. दोघांनी एकदम उतरू नये, एक काठावर. संकटात ११२, समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४.

बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याचा, बावटा लागलेला दिसला तर बोटींचा आणि पाण्यात उतरण्याचा विषय त्या दिवसापुरता संपला. अशा वेळी गुहागरातच एक दिवस वाढवा.

पौर्णिमा : हेदवी, मग जयगड

गुहागरहून हेदवी तासाभरावर. सव्वाअकराच्या आधी अर्धा तास बामणघळीपाशी असा. खडकातल्या चिंचोळ्या फटीत उधाणाचं पाणी घुसतं, आतली हवा दाबली जाते आणि पाण्याचा फवारा उंच उडतो. ओहोटीत गेलात तर कोरडी भेग तेवढी दिसते. फटीच्या तोंडाशी वाकू नका, लांबून चांगलं दिसतं.

दशभुज गणपती बघून तवसाळला अडीचच्या आत पोचा. आज उधाण आहे, साडेपाचला पाणी तळाला जाईल आणि धक्का अवघड होईल. उशीर झालाच तर राई-भातगावच्या पुलावरून जाता येतं. पलीकडे जयगडचा किल्ला, दीपगृह, मग केशवसुतांचं मालगुंड आणि गणपतीपुळे. पुळ्याचा समुद्र पोहण्यासाठी नाही, तिथं दरवर्षी बुडण्याच्या घटना होतात. शनिवार-रविवार असेल तर मालगुंडात राहा, गणपतीपुळ्यात खोल्यांचे भाव त्या दोन दिवसांत पार बदलतात.

प्रतिपदा, द्वितीया : रत्नागिरी आणि आंब्याची पेटी

आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरी. ब्रह्मदेशच्या राजाचा थिबा पॅलेस आणि मिरकरवाड्याचं बंदर अर्ध्या दिवसात होतं. उरलेला वेळ आंब्याला द्या.

तयार आंबा घेऊन मराठवाड्यात जाऊ नका. बंद गाडीत सोलापूरच्या पुढं उन्हानं तो उकडतो आणि आतून आंबूस होतो. कडक पण पूर्ण वाढलेला घ्या : देठाजवळचे खांदे फुगून देठ खड्ड्यात बसलेला, सालीवर बारीक ठिपके, हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड. देठ छोटा ठेवलेलाच घ्या, देठ तुटलेल्या आंब्याचा चीक सालीला लागतो आणि तिथून सडतो. पेटी वरच्या थरावर घेऊ नका, तळातले दोन आंबे काढून बघू द्या म्हणावं. गाडीत पेटी डिकीत नको, मागच्या सीटवर, काच बोटभर उघडी. घरी गवताच्या आढीत एका थरात मांडा, देठ खाली, रोज एकदा बघून तयार झालेले वेगळे काढा. आपल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत सगळे तयार होतात, म्हणून दोघांसाठी दोन डझन पुरे. जास्त घ्यायचे तर शेजारी आधी ठरवून ठेवा.

द्वितीयेला पहाटे पाचला निघालात तर आंबा घाट उजाडताना चढता, दुपारच्या जेवणाला मिरजेच्या पुढे आणि रात्रीपर्यंत लातूर. संभाजीनगरकरांनी कोल्हापूरहून पुण्याकडे वळून वाटेत एक मुक्काम करावा.